कर्ता नसलेले वाक्य

आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या दर्शनी भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली होती. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ४७ माणसे गेली आणि त्यांपैकी ६ जणांनी आपले प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर होता. अशा पाट्या आपल्याकडे घाटावर आणि कोकणात पुष्कळ गावांतून आढळतात. लहानपणी त्या पाटीखाली आम्ही गोट्या खेळत असू. त्या सहांपैकी एक माझ्या आजोबांचे थोरले बंधू होते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. सर्वपित्री अमावास्येला आजी नेहमी एक पान जास्त मांडायची. एकदा मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मोठ्या मामंजींचं. बसऱ्याकडे गेले ते गेलेच. तिथी ठाऊक नाही, म्हणून आज." पाटीवर त्यांचे नाव नव्हते. कुणाचेच नव्हते. नुसता सहाचा आकडा होता.

दोन वर्षांपूर्वी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधायचे ठरले, तेव्हा या पाटीचे काय करायचे, असा प्रश्न निघाला. अंगणात लहानसा चौथरा करून तीवर स्मारक उभारावे असे ठरून एक समिती नेमली गेली. सरपंच मला म्हणाले, "सर, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. दगडाचं, गवंड्याचं आम्ही बघतो. मजकूर तेवढा तुम्ही लिहून द्या." चार ओळींचा तर मजकूर! उद्या सकाळी देतो, असे मी मोठ्या ऐटीत सांगून आलो. त्यानंतर आठ महिने माझ्याकडून एक ओळ लिहून झाली नाही. त्या आठ महिन्यांत एक योग असा आला की, स्मारक म्हणजे काय आणि ते उभारणे इतके अवघड का, याचा धडाच मला मिळाला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

माझी धाकटी मुलगी नोकरीनिमित्त ओसाकाला असते. तिच्याकडे गेलो असता नोव्हेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी ती मला हिरोशिमाला घेऊन गेली. दोन नद्यांच्या मधल्या बेटावर एक विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या मध्यभागी घोड्याच्या खोगिरासारख्या वळणाची दगडी कमान आहे. कमानीखाली एक पेटी, आणि पेटीसमोरच्या शिळेवर जपानी अक्षरांच्या तीन उभ्या ओळी. शाळेची मुले रांगेने येत, वाकत आणि पुढे जात होती. मी मुलीला म्हटले, "काय लिहिलंय गं?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "शांतपणे विसावा घ्या, चूक पुन्हा करणार नाही." मी विचारले, "कोण करणार नाही?" ती म्हणाली, "तेच तर! बाबा, या वाक्यात कर्ताच नाही."

तो दिवसभर आणि पुढे कित्येक दिवस मी त्या कर्त्याचा शोध घेत राहिलो.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब टाकला गेला, हे आपण सारे जाणतो. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर तो फुटला. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे दगावली असावीत, असा त्या नगरीचा अंदाज आहे. मात्र एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आज जिथे उद्यान आहे, तिथे पूर्वी उद्यान नव्हते. तो नाकाजिमा नावाचा गजबजलेला मोहल्ला होता. दुकाने, दवाखाने, देवळे, राहती घरे असा सगळा संसार तिथे होता. पुढे त्यावर मातीचा भराव घालून झाडे लावली गेली. अलीकडे काही भाग उकरला, तेव्हा जळून कोळसा झालेल्या घराच्या जमिनीचे अवशेष हाती लागले. २०२२ पासून ते तिथेच लोकांना पाहायला ठेवले आहेत. म्हणजे इथे स्मारकासाठी जागा शोधावी लागली नाही. जी वस्ती होत्याची नव्हती झाली, तीच स्मारक झाली.

१९४९ मध्ये जपानच्या संसदेने हिरोशिमाला 'शांतिस्मारक नगर' म्हणून उभारण्याचा कायदा केला. त्यावर शहरातल्या नागरिकांचे मतही घेण्यात आले. त्याच वर्षी उद्यानाच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. शंभराहून अधिक आराखडे आले आणि पहिला क्रमांक केन्झो तांगे या ३५ वर्षांच्या वास्तुशिल्प्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना मिळाला. तांगे यांचे शिक्षण काही काळ याच शहरात झाले होते. १९४५ च्या त्याच ऑगस्टात इमाबारी गावावर झालेल्या हवाई हल्ल्यात त्यांची आई गेली होती. तेव्हा हा मनुष्य दुःखाला परका नव्हता.

पण याच तांगे यांच्या चरित्रातली दुसरी एक गोष्ट वाचली आणि मी चपापलो. १९४२ मध्ये, जपानी फौजा आशियाभर पसरत असताना, 'बृहत्तर पूर्व आशिया' उभारणीच्या स्मारकाची एक स्पर्धा झाली होती. फुजी पर्वताच्या पायथ्याशी विजयाचे, साम्राज्याचे भव्य स्मारक करायचे, असा तो बेत. त्या स्पर्धेतही पहिला क्रमांक तांगे यांचाच होता. ते स्मारक कधी बांधले गेले नाही. तथापि सात वर्षांच्या अंतराने एकाच हाताने एक रेखाटन साम्राज्यासाठी केले आणि दुसरे शांततेसाठी. दोन्हींत सरळ अक्षावर दृष्टी खेचून नेणारी मांडणी आहे. यावरून तांगे यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर 'विजय' आणि 'पराजय' असे दोन रकाने आखून इतिहास शिकवला. त्या रकान्यांत मेलेल्यांसाठी जागा नव्हती, हे माझ्या ध्यानात निवृत्तीनंतर आले. देश हरल्यावर, आई गेल्यावर एखाद्या कलावंताचा अक्ष वळला असेल, तर त्यात नवल ते काय?

तो अक्ष मात्र पाहण्यासारखा आहे. दक्षिणेकडून आत शिरले की खांबांवर उचलून धरलेली संग्रहालयाची लांबलचक इमारत लागते. तिच्याखालून पाहिले की समोर कमान दिसते, आणि कमानीच्या पोकळीतून नदीपलीकडचा एक भग्न घुमट. १९१५ साली यान लेत्झेल या चेक वास्तुशिल्प्याने बांधलेल्या औद्योगिक प्रदर्शनाच्या इमारतीचा तो सांगाडा. तो ठेवावा की पाडावा, यावर वीस वर्षे वाद चालू होता. पाहिले की पोटात कालवते, एकदाचा पाडून टाका, असे म्हणणारे लोक बाँबमधून वाचलेलेच होते. त्यांचे तरी काय चुकले? पुढे ल्युकेमियाने वारलेल्या एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीतला मजकूर लोकांपुढे आला, मुलांनी सह्या गोळा केल्या आणि १९६६ मध्ये नगरसभेने तो सांगाडा जपण्याचा ठराव केला. १९९६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. तांगे यांनी मात्र १९४९ मध्येच त्या अवशेषाला आपल्या रेषेच्या टोकाशी बसवले होते. स्वतः काही भव्य उभारण्याऐवजी, जे मोडले आहे त्याकडे बोट दाखवावे, ही त्यांची युक्ती.

आता कमानीची कथा. ती तांगे यांनी मुळात दुसऱ्याकडे सोपवायची ठरवली होती. इसामू नोगुची हे शिल्पकार. वडील योने नोगुची हे जपानी कवी, आई अमेरिकन. आपल्याकडच्या वाचकांना या वडिलांचे नाव आठवत असेल. १९३८ मध्ये चीनवरच्या जपानी स्वारीची तरफदारी करणारे पत्र त्यांनी रवींद्रनाथांना पाठवले आणि रवींद्रनाथांनी त्यांना अत्यंत परखड उत्तर दिले, तेच हे योने नोगुची. मुलाचे दैव याहून विचित्र. महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडले, तेव्हा इसामू स्वतः होऊन ॲरिझोनातल्या छावणीत जाऊन राहिले. युद्धानंतर ते भारतातही हिंडून गेले.

हिरोशिमाच्या उद्यानाकडे जाणाऱ्या दोन पुलांचे कठडे नोगुचींनी घडवले आहेत. एकाचे नाव 'घडवणे', दुसऱ्याचे 'जाणे'. स्मृतिस्थळासाठी त्यांनी काळ्या ग्रॅनाइटची एक जाडजूड कमान कल्पिली होती. तिचे पाय जमिनीत खोल उतरायचे, खाली तळघर, आणि मृतांची नावे त्या तळघरात. माणसाने पायऱ्या उतरून मातीच्या पोटात जावे, तिथे नावांना भेटावे आणि पुन्हा वर उजेडात यावे, असा तो बेत. समितीने तो नाकारला. ज्या देशाने बाँब टाकला त्या देशाच्या नागरिकाकडून हे काम कसे घ्यायचे, ही त्यामागची मोठी अडचण. अमेरिकेने ज्याला जपानी मानले, त्याला जपानने अमेरिकन मानले. मग हाताशी उरलेल्या थोड्या वेळात तांगे यांनी स्वतःच कमान आखली. प्राचीन काळी जपानात थडग्यांवर मातीची लहान घरे ठेवीत. त्या घराच्या छपराचा आकार त्यांनी घेतला. मेलेल्यांच्या डोक्यावर छप्पर असावे, त्यांना पाऊस लागू नये, ही त्यातली भावना. ६ ऑगस्ट १९५२ रोजी तिचे अनावरण झाले. मूळची कमान काँक्रीटची होती. १९८५ मध्ये ती तशीच दगडात घडवली गेली.

दगड झाला. राहिले वाक्य. ते लिहिले तादायोशी साइका यांनी. हिरोशिमा विद्यापीठात ते इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि स्वतः बाँबच्या तडाख्यातून वाचलेले होते. अक्षरेही त्यांच्याच हातची. जपानी भाषेत कर्ता गाळून बोलण्याची रीत आहे. आपल्यालाही ती परकी नाही. शाळेत छडीच्या भीतीने आपण सर्वांनीच 'पुन्हा करणार नाही' म्हटलेले आहे. त्यात 'मी' कुठे असतो? पण छडीसमोर तो गृहीत धरलेला असतो. इथे दीड लाख मृतांसमोर काय गृहीत धरायचे?

पहिला आक्षेप घेतला तो एका भारतीयाने. न्यायमूर्ती राधाविनोद पाल. जपानी युद्धनेत्यांवर टोकियोत जो खटला चालला, त्यात सर्व आरोपी निर्दोष आहेत असे भिन्नमतपत्र देणारे कलकत्त्याचे न्यायाधीश ते हेच. नोव्हेंबर १९५२ मध्ये, म्हणजे अनावरणानंतर तीनच महिन्यांनी, ते या कमानीसमोर उभे राहिले. ओळींचा अर्थ त्यांना सांगितला गेला, तेव्हा त्यांनी विचारले, ही चूक कुणाची? बाँब काही जपान्यांनी टाकला नाही. मग टाकणारा गप्प आणि ज्याच्यावर पडला तो क्षमा मागतो, हा कुठला न्याय? पाल हे कायद्याचे मनुष्य. ज्या वाक्यात आरोपीचे नाव नाही, ते वाक्य त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

साइका यांनी पत्र लिहून त्यांना उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा की, हा दोन देशांतला हिशेब नाही; हिरोशिमाचा माणूस जगाचा नागरिक म्हणून जगातल्या सर्वांच्या वतीने हे वचन देत आहे. इंग्रजी अनुवादात त्यांनी कर्ता घातला होता तो अनेकवचनी प्रथमपुरुषी. आणि इथे मला आपल्या मायमराठीचा अभिमान वाटल्यावाचून राहिला नाही. इंग्रजीच्या त्या एका शब्दाला मराठीत दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'आम्ही जेवतो' आणि 'आपण जेवू' यांत केवढे अंतर आहे, हे दारी आलेल्या पाहुण्याला विचारावे. पाल यांना त्या वाक्यात 'आम्ही' ऐकू आले. साइका यांनी लिहिले होते 'आपण'. भांडण जे झाले, ते या एका सर्वनामाचे.

ते तिथे मिटले नाही. १९७० च्या सुमारास मजकूर बदला म्हणून चळवळ झाली, तेव्हा वाक्याचा कर्ता सारी मानवजात आहे, असे महापौरांनी जाहीर केले. १९८३ मध्ये तसा खुलासा करणारा फलक शेजारी लावला गेला. तरीही २००५ च्या जुलैत एका माणसाने हातोडा आणि छिन्नी आणून शिळेवरचा 'चूक' हा शब्द खरवडून काढला. पुढे ती शिळा दुरुस्त झाली. मला विचाराल तर, पाल यांचा प्रश्न आजही खोडून काढता येत नाही. ज्याने केले त्याने कबूल केल्याशिवाय सर्वांनी मिळून कबूल करण्याला काय अर्थ, हा प्रश्न कुठल्याही गावच्या पंचायतीत निघेल आणि रास्तच ठरेल. पण त्याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. हिरोशिमा हे काही निव्वळ निरपराध तीर्थक्षेत्र नव्हते. १८९४ च्या चीनवरच्या युद्धात जपानच्या सम्राटाचे युद्धकार्यालय याच शहरात होते. याच्या बंदरातून फौजा परदेशी गेल्या. 'त्यांची चूक' असे कोरले असते, तर हा इतिहास त्या शब्दाखाली कायमचा गाडला गेला असता.

शिवाय 'आपण' म्हणणे सोपे आणि पाळणे कठीण. बाँबच्या त्या दिवशी हिरोशिमात हजारो कोरियन माणसे होती. जपानी साम्राज्याने त्यांतली कित्येक मजुरीसाठी आणली होती. तीही मेली. त्यांच्यासाठी १९७० मध्ये कासवाच्या पाठीवर उभी असलेली एक शिळा उभारली गेली, पण उद्यानात नव्हे, नदीपल्याड, बाहेर. ती आत यायला १९९९ साल उजाडावे लागले. कमानीवर मानवजातीचा 'आपण' कोरून झाल्यावर शेजारच्याला त्यात घ्यायला सत्तेचाळीस वर्षे लागली!

मग या स्मारकात निर्विवाद असे काय आहे? त्या पेटीतल्या वह्या. कमानीखालच्या पेटीत मृतांच्या नावांच्या नोंदवह्या आहेत. बाँबमधून वाचलेला कुणी वर्षभरात वारला की त्याचे नाव कुंचल्याने हाताने लिहिले जाते, आणि दर ६ ऑगस्टला नव्या नावांची वही आत ठेवली जाते. २०२५ पर्यंत ही नावे साडेतीन लाखांच्या घरात गेली आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी या वह्या बाहेर काढून पांढऱ्या कापडावर उघडून वारा देतात, म्हणजे कसर लागत नाही. आपल्याकडे पोथ्यांना ऊन दाखवतात तसेच. आणि त्यांत एक वही अशी आहे की, तिच्यात नावच नाही. ज्यांची ओळख पटली नाही, ज्यांना ओळखणारेही उरले नाहीत, अशा असंख्यांसाठी ती आहे. मुलीने हे सांगितले तेव्हा मला आजीचे सर्वपित्रीचे पान आठवले. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी एक तिथी राखून ठेवली. ज्यांचे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी हिरोशिमाने एक वही राखून ठेवली.

उद्यानात थोडे पुढे मुलांचे स्मारक आहे. बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी १९५५ मध्ये बाराव्या वर्षी ल्युकेमियाने गेली. तिच्या वर्गमित्रांनी देशभरच्या शाळांकडून वर्गणी गोळा केली आणि ५ मे १९५८ रोजी ते स्मारक उभे राहिले. आत टांगलेली घंटा नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांनी दिली होती. भोवती जगभरच्या मुलांनी पाठवलेले कागदी करकोचे असतात. तिथे मात्र चूक कुणाची, हा वाद कुणी घालत नाही. मुलांनी सरळ मैत्रिणीची आठवण ठेवली.

गावी परतल्यावर मी पहिले काम केले ते पाटीवरचे वाक्य पुन्हा वाचण्याचे. 'प्राण दिले.' या वाक्याला कर्ता आहे, पण तो खरा आहे का? आजोबांचे बंधू वीस वर्षांचे होते. त्यांनी प्राण दिले, की ते घेतले गेले? आणि घेतले तर कुणी? शोध घेताना कळले की, १९२९ मध्ये बसऱ्याला जे मोठे युद्धस्मारक उभारले गेले, त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली, पण साध्या हिंदी शिपायांची नावे दगडावर आली नाहीत. पलटणीच्या नावापुढे आकडा तेवढा आला. अशी असमानता घडली हे युद्धस्मारकांची निगा राखणाऱ्या मंडळाने २०२१ मध्ये कबूल केले. तोवर ती माणसे जाऊन शतक उलटले होते.

मग मी आणि गावातली चार मुले घरोघर हिंडलो. जुनी कागदपत्रे, पेन्शनीचे दाखले, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या पेट्या पाहिल्या. पाच नावे मिळाली. सहावे मिळाले नाही. कुण्या एका वाड्यातला होता, एवढेच एक म्हातारी सांगते, आणि वाड्याबद्दलही तिची खात्री नाही.

समितीच्या बैठकीत सरपंचांना 'वीरमरण' हा शब्द हवा होता. एक जण म्हणाला, इंग्रजांच्या लढाईत मेले, त्यांचे कसले स्मारक? दोघांचेही मी ऐकून घेतले. पूर्वी असतो तर फळ्यावरचे रकाने आखून उत्तर दिले असते. या वेळी मी नुसता कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते, 'आपल्या गावातून गेले, परत आले नाहीत.' खाली पाच नावे आणि सहाव्यासाठी एक कोरी ओळ. सरपंच बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सर, ही ओळ रिकामी का?"

मी म्हटले, "नाव मिळालं की कोरू. नाही मिळालं, तर तो तिथं आहेच."

गवंड्याने ती ओळ मोजून, बाकीच्यांच्या इतकीच रुंद सोडली आहे. यंदा सर्वपित्रीला कुणीतरी सकाळीच येऊन तिच्याखाली एक पान वाढून गेले. कोण, ते मी कुणाला विचारले नाही.